डाव्या बाहीवरच्या फिती

बिल्लेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही आणि कुणी मारलीच तर ते मान वर करणार नाहीत. वय ब्याऐंशी. कान शाबूत, गुडघे गेलेले. डोळ्यांची मात्र अजून एवढी मिजास, की सुनेनं सुईत दोरा ओवून द्यायला हात पुढे केला तर त्यांना तो अपमान वाटतो. दुकान बाजारामागच्या गल्लीत, दोन पायऱ्या चढून. पुढच्या अर्ध्या भागात सून शाळेचे गणवेश शिवते. मागच्या अर्ध्यात, खिडकीशी, मास्तरांचं टेबल. त्यावर एक भिंग, मेणाचा गोळा, उसवायची बारीक कात्री आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात बिल्ले, बटणं आणि फितींचे तुकडे असतात. बिस्किटं कुणी कधी पाहिलेली नाहीत.

लोक त्यांच्याकडे मेलेल्या माणसांचे कोट घेऊन येतात. घरातलं म्हातारं माणूस जातं, माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी सैन्याचा एखादा कोट निघतो. भांड्यांवरून भाऊ भांडतात, पलंगावरून नणंद-भावजय वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत, पण हा कोट कुणालाच नको असतो आणि टाकवतही नाही. शेवटी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात तो पडतो. तो बिचारा मग कोट पिशवीत कोंबून मास्तरांपुढे येऊन उभा राहतो. प्रश्न ठरलेला असतो, आमचे आजोबा नक्की कोण होते?

मास्तर आधी कोटाला हात लावत नाहीत. खुंटीला टांगायला सांगतात आणि स्वस्थ बघत बसतात. बिल्ला पडून गेला असला तरी त्याच्याखालचं कापड उन्हानं विटलेलं नसतं. तिथे त्याचा आकार गडद उरतो. त्यावरून ते सांगतात, इथे दोन आडव्या तोफा होत्या, इथे बिगुल होता. मग बटण उलटं करून पाठीवरचा कारखान्याचा ठसा. मग बाही. फिती किती, कोणत्या बाहीवर, टोक वर की खाली. कुणी हौसेनं बिल्ला घासूनपुसून लख्ख करून आणला की त्यांचा पारा चढतो. "तोंडच पुसून टाकलंत की हो त्याचं!" म्हणतात, आणि पुढची पाच मिनिटं त्या माणसाशी बोलत नाहीत.

एकदा एक गृहस्थ आपल्या कर्नल आजोबांचा कोट घेऊन आले. सोबत चार नातेवाईक, जणू कर्नलसाहेबच आत बसलेत अशा थाटात. सोनेरी गोंडे, दुहेरी बटणं, खांद्यावर झालर. मास्तरांनी एक बटण उलटवलं आणि विचारलं, "आजोबा उंच होते का हो?"

"सहा फूट!"

"आवाज भारदस्त?"

"तर! अख्खी गल्ली घाबरायची."

"मग बरोबर. मोठ्या हॉटेलांच्या दारावर अशीच माणसं ठेवायचे."

पाचही जण आल्या पायऱ्यांनी उतरले. सून मशीनवर डोकं टेकून हसत सुटली. मास्तर मात्र हसले नाहीत. "पन्नास वर्षं येईल त्याला दार उघडून दिलं त्या माणसानं," ते म्हणाले, "आणि यांना लाज वाटते." दिवसभर ते धुमसत होते.

असे तोंडावर खरं बोलणारे मास्तर एका जातीच्या कोटापुढे मात्र खोटं बोलत. बासष्ट वर्षांपूर्वीच्या लढाईतला पायदळाचा कोट आला, की ते फितीचं एक टोक सुईनं अलगद उचलत, भिंगातून बघत, टोक पुन्हा बसवत आणि म्हणत, "हो, हा त्यांचाच कोट." बाकी चकार शब्द नाही. कोट आणणारा समाधानानं जाई आणि मास्तर त्या दिवशी जेवत नसत. सुनेच्या हे लक्षात आलं होतं. "आज पायदळ आलं होतं वाटतं," असं म्हणून ती ताट झाकून ठेवी. का ते तिलाही माहीत नव्हतं. ज्या बायकोबरोबर सत्तेचाळीस वर्षं संसार केला तीही हे न कळताच गेली.

काही महिन्यांपूर्वी एका दुपारी एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, केस आखूड कापलेले, खांदे ताठ. टेलिफोन ऑफिसात चौतीस वर्षं लोकांचे फोन जोडून देऊन निवृत्त झालेल्या. त्यामुळे बोलणं स्पष्ट आणि तोलून-मापून. त्यांनी कोट उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता. बाहेर काढला, टेबलावर पसरला आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

"मास्तर, हा कोट कुणाचा ते मला माहीत आहे. माझ्या बाबांचा. तेवढ्या या तीन फिती काढून द्या. खूण राहता कामा नये."

"का काढायच्या?"

"खोट्या आहेत म्हणून."

"कोण म्हणतं?"

"संग्रहालयातले साहेब. तिथे त्या लढाईचं एक दालन करतायत. मी कोट द्यायला गेले होते. खाली बाबांचं नाव लागणार होतं, हवालदार म्हणून. साहेबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, बाई, पायदळाच्या फिती उजव्या बाहीवर असतात. या डाव्या बाहीवर आहेत. म्हणजे मागाहून घरीच कुणीतरी शिवल्यात. बरेच जण करतात असं, म्हणाले. वर हसले."

कोट अभ्र्यातून बाहेर येतानाच मास्तरांची नजर डाव्या बाहीवर पडली होती आणि तिथेच खिळली होती.

"माझी आई शिवणकाम करायची," बाई सांगत होत्या. "त्यावरच मला वाढवलं. बाबा गेले तेव्हा मी दीड वर्षाची. नात्यात पहिल्यापासून कुजबुज होतीच, की हिनं नवऱ्याला मेल्यावर बढती दिली. त्यावरून मी शाळेत पोरींच्या झिंज्या उपटल्यात. संग्रहालयातून घरी आले आणि विचारलं. म्हटलं, आई, खरं सांग, या फिती तू लावल्यास का? तर म्हणाली, हो."

"हो म्हणाली?"

"सरळ. हातातलं काम थांबवलं नाही की मान वर केली नाही. हो, मीच लावल्या." बाईंचा आवाज पहिल्यांदा जरा हलला. "साठ वर्षं मी त्या तीन फितींवर मान ताठ ठेवून चालले, मास्तर. हवालदाराची मुलगी म्हणून. आता एवढंच करा. कोट बाबांचा आहे, त्याला आईचं खोटं चिकटलंय, तेवढं काढून टाका."

मास्तरांनी सुई घेतली. फितीचं खालचं टोक उचललं आणि भिंग पुढे ओढलं. खरं तर भिंगाची गरज नव्हती. दोऱ्याचं शेवटचं टोक दडवायला तीन बारीक टाके शेजारी-शेजारी आणि त्यांच्यावरून एक आडवा. प्रत्येक शिंप्याची काम संपवायची आपली एक सवय असते, ती सही करण्याइतकी अंगवळणी पडलेली असते. ही मास्तरांची होती. परवाच सून शिवत असलेल्या एका गणवेशावर खिसा लावताना त्यांनी असाच टाका घातला होता.

आणि त्या अख्ख्या लढाईत पायदळाच्या कोटाला डाव्या बाहीवर फिती लावून तो तसाच पाठवण्याची चूक एकदाच झाली होती. ती कुणी केली हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा ते वीस वर्षांचे होते, सैन्याच्या कपड्यांच्या डेपोत. लांबच लांब खोली, वर पत्रे, चार टेबलं, आठ शिंपी आणि एक मुकादम. शिपाई पडला की त्याचा समारंभाचा कोट घरी पाठवायचा, असा नियम होता. त्या लढाईत एका पलटणीचं सामान भरलेल्या गाड्या वाटेतच जळाल्या. कोट गेले, दफ्तर गेलं. माणसं पुढे जाऊन पडली. घरच्यांना पाठवायला काडीही शिल्लक नव्हती. वरून हुकूम आला, कोट तयार करा. पगाराच्या कचेरीतून एक यादी आली. तिच्यात माप, फिती आणि पत्ता. एकशे सदतीस ओळी.

कोठारात नवे कोरे कोट होते. ते मापाला आणायचे, बिल्ले आणि फिती लावायच्या आणि मग जुने करायचे. हे जुनं करणं मुकादमानं स्वतः शिकवलं. कोपरं खरखरीत दगडानं घासायची. कॉलर ओल्या फडक्यानं चोळून मऊ पाडायची. एखादं बटण उसवून वेगळ्या दोऱ्यानं लावायचं, म्हणजे माणसानं स्वतः टाचलंय असं वाटावं. आणि शेवटी प्रत्येक खिशात चिमूटभर तंबाखू. "पुरुषाचा वास यायला पाहिजे," मुकादम म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता. उलट पहिला कोट खोक्यात ठेवताना तोच रडला होता. "रिकामं खोकं पाठवलं तर ती बाई कवटाळणार काय?" त्यानं विचारलं, आणि आठही शिंप्यांनी कातरीवर हात ठेवून शब्द दिला, की ही गोष्ट या पत्र्याखालून बाहेर जाणार नाही.

मास्तर आधी तीन आठवडे तोफखान्याच्या टेबलावर होते. तोफखान्याच्या फिती डाव्या बाहीवर. पायदळाच्या टेबलावर आणलं त्या पहिल्या दिवशी डोकं नव्या टेबलावर आलं, हात जुन्याच टेबलावर राहिले. दुपारपर्यंत पाच कोट झाले, पाचही डावीकडे. मुकादमाच्या लक्षात आलं तेव्हा चार टेबलावर होते. पाचवा खोक्यात बंद होऊन टपालाच्या गाडीत चढला होता. चार उसवून पुन्हा लावले. पाचव्याचं काय, म्हणून विचारलं तर मुकादमानं हात झटकला. "जाऊ दे रे. बायकोला डावं-उजवं काय कळणार?"

त्या एकशे सदतिसांतले चौतीस मास्तरांच्या हातचे. पुढे आयुष्यात लोक बिल्ले घेऊन येऊ लागले, ते त्यांच्या हुशारीमुळे, असं सगळे समजतात. खरं सांगायचं तर ते हे काम शिकले ते त्या चौतिसांच्या भीतीनं. कधीतरी त्यातला एखादा समोर येणार, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्याआधी आपल्या हाती पडावा. आजवर नऊ आले होते. नऊ वेळा त्यांनी शब्द पाळला होता.

आताही पाळता आला असता. फिती उसवणं हे दहा मिनिटांचं काम. बाई कोट घेऊन घरी गेल्या असत्या, बाप त्यांच्यापाशी राहिला असता. तोंड उघडलं तर बापाला हवालदारी परत मिळणार होती, आईवरचा डाग जाणार होता आणि त्या कोटातला बाप जाणार होता. मास्तर हातातली कात्री उघडत-मिटत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी येत होती. पंचाऐंशीच्या पुढची, कुठल्याशा खोलीत बसलेली, न केलेला गुन्हा कबूल करून गप्प झालेली. चूक त्यांची होती आणि ती भोगत होती ही बाई, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. बाकीचे सात शिंपी आणि मुकादम केव्हाच जाऊन पोहोचले होते. शब्द पाळायचा तरी कुणापाशी?

"बसा," ते म्हणाले. "स्टूल ओढून घ्या. या फिती तुमच्या आईनं लावलेल्या नाहीत."

"ती स्वतः म्हणाली, मास्तर."

"म्हणाली असेल. पण लावल्या मी."

बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मास्तरांनी पुढच्या खोलीतून शाळेचा एक सदरा मागवला, त्याच्या खिशाचं टोक उलटवून दाखवलं, आणि शेजारी फितीचं टोक. तीन टाके आणि एक आडवा, इकडेही आणि तिकडेही. बाईंनी भिंगातून दोन्ही पाहिले. दोनदा पाहिले. आणि मास्तरांनी बासष्ट वर्षांत पहिल्यांदा ती पत्र्याखालची खोली कुणापुढे तरी उघडली. गाड्या जळाल्या तिथपासून टपालाच्या गाडीपर्यंत सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"म्हणजे बाबांना तीन फिती होत्या?" बाईंचा चेहरा एकदम उजळला, लहान मुलीसारखा.

"होत्या. यादीत होत्या म्हणूनच मी लावल्या. आम्ही मनानं कुणाला काही चढवत नव्हतो."

"खरे हवालदार?"

"खरे."

मग बाकीचं त्यांच्या ध्यानात येत गेलं. मास्तरांना ते चेहऱ्यावर दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

"आणि कोट?"

"कोट कोठारातला. त्यांच्या अंगावर कधी चढला नाही."

बाईंनी कोपरावर बोट ठेवलं. "हे झिजलंय ते?"

"दगडानं."

"आणि वास? आता गेला, पण मी मोठी होईपर्यंत खिशाला वास होता."

"तंबाखू मुकादमाची, बाई."

पुढच्या खोलीत मशीन थांबलं होतं. सून दाराशी येऊन उभी राहिली होती, हातात सदरा तसाच.

"मी दहा वर्षांची असेन," बाई म्हणाल्या, टेबलाकडे बघत. "काका आले होते. मी त्यांना ऐटीत सांगितलं, बाबांच्या कोटाला अजून तंबाखूचा वास येतो. काका म्हणाले, छे गं, त्याला तर तंबाखूनं शिंका यायच्या, घरात कुणाला ओढू द्यायचा नाही. मी रडत आईकडे गेले. तिनं शिवण बाजूला ठेवली आणि म्हणाली, अगं, सैन्यात लागली असेल सवय. तिकडे लागते पुरुषांना. झालं, माझं समाधान झालं."

त्यांनी कोट जवळ ओढला.

"मी तो कोट कुशीत घेऊन झोपायचे. आईनं त्याला कधी हात लावला नाही, मास्तर. एकदाही नाही. उन्हात घालायचा झाला तरी मलाच सांगायची. सोळाव्या वर्षी मी तिला बोलले होते, तुझं बाबांवर प्रेमच नव्हतं, असतं तर एकदा तरी जवळ घेतला असतास. तेव्हाही काही बोलली नाही." बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हो."

"शिवणारी बाई," मास्तर हळू म्हणाले. "नवऱ्याचं अंग तिच्या हाताला पाठ असणार. खोकं उघडलं तेव्हाच कळलं असेल." मुकादमाचं ते डावं-उजवं त्यांना आठवलं आणि त्यांची मान खाली गेली.

"मग हो कशाला म्हणाली?" बाईंनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं, एकेक शब्द वेगळा ठेवत. "नाही म्हणाली असती तर मी विचारलं असतं, मग कुणी लावल्या? मी सोडणाऱ्यातली नाही. चार जागी गेले असते, कोट उसवून बघितला असता कुणीतरी. म्हणून हो म्हणाली. स्वतः खोटी ठरली आणि कोट माझ्यापाशी राहू दिला."

मास्तरांनी टेबलाला धरून उठायला सुरुवात केली. कित्येक वर्षांत इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं. "मग आता इथे बसू नका. घरी जा, आत्ताच्या आत्ता. त्यांना सांगा, शिंपी सापडला, त्यानं कबूल केलं. नाहीतर थांबा, मीच येतो. मला त्यांची माफी मागायची आहे. सूनबाई, माझ्या चपला दे. गाडी बोलाव एक."

"अण्णा, सावकाश," सून म्हणाली.

"सावकाश काय? बासष्ट वर्षं सावकाशच चाललंय."

"मास्तर," बाई म्हणाल्या, "आईला जाऊन सोळा दिवस झाले."

मास्तरांचा एक पाय चपलेत होता, दुसरा जमिनीवर.

"तिनं हो म्हटलं त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं होतं. अडीच महिने. जेवायला वाढायचे, औषध द्यायचे, आंघोळ घालायचे, वेणी घालून द्यायचे. एक शब्द बोलायचे नाही. ती बोलायची आपलं आपण. पाऊस येईलसं वाटतं, दूधवाला आला का. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शेवटच्या दिवशी पाणी मागितलं. पाजलं आणि ग्लास धुवायला आत गेले. तेवढा ग्लास मी धुतला, तोवर ती गेली." बाईंनी कोटाची बाही मुठीत धरली. "चौतीस वर्षं मी परक्या माणसांची बोलणी जोडून दिली हो."

मग त्या रडल्या. दुकानात, स्टुलावर बसून, दोन्ही हात कोटावर टेकून, मोठ्यानं रडल्या. मास्तरही रडत होते. त्यांना पुसायचंही सुचत नव्हतं. सुनेनं येऊन बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. आपण सोळा दिवस आधी समोर आलो असतो तर, हा हिशेब मास्तरांच्या मनात सुरू झाला. तो अजून संपलेला नाही आणि संपणारही नाही. ते कधीही तोंड उघडू शकले असते. बासष्ट वर्षांतल्या कुठल्याही दिवशी.

बाई शांत झाल्यावर मास्तरांना त्यांच्या हाती होतं तेवढंच सुचलं.

"फिती उजव्या बाहीवर लावून देतो. तिथेच असायला हव्या होत्या. मग संग्रहालयवाल्यांना तोंड उघडायला जागा राहणार नाही. आणि मी लिहूनही देतो, सही करून. तुमच्या वडिलांचं नाव लागेल."

बाईंनी मान हलवली. "लिहून द्या. ते घेऊन जाईन मी, नाव लागू दे बाबांचं. पण कोट नाही द्यायचा आता. आणि फितीही हलवू नका. आईनं त्या तशाच, डाव्या बाहीवरच्या, आपल्या अंगावर घेतल्यात."

मास्तरांनी उचललेलं टोक पुन्हा बसवलं. तीन टाके आणि एक आडवा. मग एका कागदावर वळणदार अक्षरात सगळं लिहिलं, खाली आपलं खरं नाव घातलं. बाईंनी कोटाची घडी केली. बाह्या आत, कॉलर वर. निघण्याआधी त्यांनी तो छातीशी धरला आणि विचारलं, "याला आता काय म्हणू मी?" बाईंनी कोट अभ्र्यात घातला आणि दोन पायऱ्या उतरून गेल्या.

त्या दिवशी सुनेनं ताट झाकलं नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, "अण्णा, आता मलाही नीट सांगा." त्यांनी सांगितलं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "सासूबाईंना तरी सांगायचं होतंत." मास्तर म्हणाले, "हो. सांगायचं होतं."

तेव्हापासून त्यांची एक नवी सवय झाली आहे. त्या लढाईतला पायदळाचा कोट आला, की सुईला हात लावण्याआधी ते विचारतात, "ज्यांच्या घरी हा कोट आला होता, त्या आहेत का अजून?" आल्या माणसाला प्रश्न विचित्र वाटतो. आजवर तीन आले आणि तिघांनीही तेच उत्तर दिलं. नाही हो, आजीला जाऊन तर किती वर्षं झाली.

मग मास्तर फितीचं टोक उचलतात, बघतात, पुन्हा बसवतात आणि म्हणतात, "हो, हा त्यांचाच कोट."